पांढरे दगड आणि टिटवीची चार अंडी

पाखरं मला ठाऊक होती ती हाकलण्यापुरती. पेडगावच्या शिवारात आम्ही आलो त्या पहिल्या थंडीत माझं काम एवढंच होतं. ज्वारीत दाणा भरायला लागला की उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, आणि परत दुपार कलल्यावर, बांधाबांधानं पत्र्याचा डबा वाजवत फिरायचं. भोरड्यांचा थवा यायचा. शेकड्यांनी पाखरं एकदम वळायची आणि कणसांवर उतरायची. मी डबा बडवायची. थवा उठून शेजारच्या रानात जायचा आणि तिथली बाई डबा बडवायची. दिवसभर आम्ही दोघी तीच पाखरं एकमेकींकडे पाठवत होतो.

आम्ही भंडाऱ्याकडचे. आमचे हे सोयाबीन काढायच्या मशीनवर इकडे आले होते. या शेताच्या मालकांना यांचा हात आवडला, त्यांनी ट्रॅक्टरवर ठेवून घेतलं. शेतातच पत्र्याच्या दोन खोल्या दिल्या. आमच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, म्हणून गावात माझं नाव झाडीवाली पडलं. वाईट अर्थानं नाही, पण बाहेरची हे रोज कळावं अशा अर्थानं. मला नेहमी वाटायचं, आपलं काहीतरी चुकेल आणि एक दिवस सामान बांधावं लागेल. अजूनही वाटतं. सवय झाली आहे.

दुसऱ्या बाजूचं रान एका निवृत्त गुरुजींचं. ते परभणीत राहायचे, दोन दिवसांआड स्कूटरवर यायचे. त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीत, भिंतीला बुद्धाचा फोटो, खाली खुंटीला दुर्बीण. एकदा मी डबा वाजवत असताना ते बांधावर येऊन उभे राहिले.

"काय हाकलायलीस गं?"

"पाखरं."

"कोणती?"

"ज्वारी खाणारी."

"ज्वारी तर मी बी खातो," ते म्हणाले. मग दुर्बीण माझ्याकडे दिली. "बघ जरा. डोकं कसलं हाय, पाठ कसली हाय, सांग मला. मला धुकं दिसायलंय."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी बघितलं. डोकं काळं, पाठ गुलाबी, चोच पिवळट. इतके दिवस हाकलत होते आणि पाठ गुलाबी आहे हे मला माहीत नव्हतं. गुरुजी म्हणाले, भोरडी. लय लांबून येते, देश ओलांडून, आणि थंडी सरली की परत जाते. ज्वारी खाते तशी टोळ, अळ्याही खाते. मला ते लांबून येणं तेवढं लक्षात राहिलं.

पुढं तसंच सुरू झालं. मी बघून सांगायची आणि ते नाव द्यायचे. दोघांचे मिळून आम्ही एक बघणारा माणूस होतो. कालव्याच्या पाण्यावर लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या, तारेवर नीलकंठ, पाण्याच्या कडेला मातीच्या रंगात मुरून बसलेला आणि उडाला की पांढराशुभ्र निघणारा वंचक. गुरुजींनी मला शंभर पानी वही दिली. तारीख, जागा, पक्षी, किती. मी सहावी अर्धी टाकून शाळा सोडली होती, धाकट्या भावाला सांभाळायला घरात कोणी नव्हतं म्हणून. तेव्हापासून सही सोडून काही लिहिलं नव्हतं. पहिल्या पानावर 'नीलकंठ' लिहायला मला बराच वेळ लागला. गुरुजी तोवर स्कूटरचं सीट पुसत उभे राहिले. त्या पुसण्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे, पण तसं कधी बोलले नाही.

त्यांचा एक नियम होता. दिसलं ते एका बाजूला लिहायचं, वाटलं ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकात मिसळायचं नाही.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात नांगरून पडलेल्या रानात टिटवीनं अंडी घातली. ती एका जागेवरून सारखी उठते आणि माझ्या डोक्यावर ओरडत फिरते, यावरून मला कळलं. घरटं असं काही नव्हतंच. ढेकळांच्या मधे वीतभर खळगा, त्यात बारीक खडे, आणि खड्यांच्याच रंगाची चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. चार पावलांवरून बघितलं तरी दिसू नयेत.

त्याच आठवड्यात यांना त्या रानात रोटा फिरवायचा होता. रोटा म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं यंत्र, ढेकळांचा भुगा करणारं. मी भीत भीत मालकांना विचारलं, तेवढा तुकडा सोडता येईल का.

"केवढा?"

"खाटेएवढा."

"सोडा की. टिटवी हाय म्हणल्यावर सोडावंच लागतंय. पाऊस तिच्यापाशी हाय."

शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही. परवानगी मिळाली यातच मी खूश होते.

गुरुजी त्या दिवसांत डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेले होते. मी फोन केला. ते म्हणाले, "खूण कर, म्हणजे ट्रॅक्टर चुकायचा न्हाई. फार जवळ जाऊ नको." पहिलं वाक्य मी मनावर घेतलं. दुसरं नुसतं ऐकलं.

गोठ्याला मारून उरलेला चुना होता. मी अकरा दगड निवडले, चुन्यात बुडवून वाळवले आणि अंड्यांभोवती गोल मांडले. यांनी ट्रॅक्टरवर बसून बघितलं, लांबून स्वच्छ दिसत होते. त्याआधी मोबाईलवर एक चित्र आलं होतं, उन्हाळ्यात पाखरांसाठी पाणी ठेवा म्हणून. मी मातीचं एक पसरट भांडं आणून दगडांना लागून ठेवलं आणि पाण्यानं भरलं. रोटा त्या गोलाला वळसा घालून गेला. सगळ्या रानाचा भुगा झाला आणि मधे एक खाटेएवढा तुकडा राहिला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी दगडांवर हळद-कुंकू होतं.

नांगरल्या रानात मधोमध पांढऱ्या दगडांचा गोल, पुढं पाण्याचं भांडं. बघणाऱ्यानं काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं होतं. सरपणाला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचायला जाणाऱ्या बायका वाकडी वाट करून येऊ लागल्या. आल्यावर आत अंडी दिसली, आणि ती टिटवीची आहेत म्हटल्यावर पुरुषमाणसंही यायला लागली. तेव्हा मला मालकांचं वाक्य कळलं. इकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस बघतात. चार अंडी म्हणजे चार महिने. जागा उंचावर असली तर पाऊस चांगला. ज्या अंड्याचं टोक खाली, तो महिना भरून पडणार. टोक बघायचं म्हणजे अंडं उचलायचं. प्रत्येकाला स्वतः उचलून बघायचं होतं. एकानं बघितलेलं दुसऱ्याला चालत नव्हतं.

एका गृहस्थानं अंडं उन्हाकडे धरून पाहिलं तेव्हा मी पुढं झाले. "काका, हात नका लावू. मग ती बसत नाही."

"तू कोण गं, टिटवीची सोयरी?"

सोबतचे हसले. ते म्हणाले, "झाडीवाले बाई, तुमच्याकडं तळी हायत. आमच्याकडं ही एकच सांगणारी हाय. बघू दे की."

त्यांचं बोलणं वाईट नव्हतं. त्यांना पेरणी करायची होती.

पण टिटवीचं असं असतं की ती अशा उन्हात अंडी उबवत नाही, गार ठेवते. कालव्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. जोडीतलं एक गेलं की दुसरं सावली धरतं. हे मी बांधावरून पाहून वहीत लिहिलं होतं. आता ती ओल्या पोटानं यायची आणि खाली माणसं असायची. ती वर ओरडत फिरायची, आणि उतरेपर्यंत पोट वाळलेलं असायचं. दुपारी त्या रानातलं ढेकूळ हातात धरवत नव्हतं. मी लांब उभी राहून, गेले का लोक, हे बघत राहायची.

पाचव्या दिवशी सकाळी अंडी तीन होती. एका पांढऱ्या दगडाला पिवळं लागलं होतं. भांड्याभोवती ओल्या मातीत कुत्र्याच्या पायांचे ठसे होते. कुत्रं पाण्यासाठी आलं होतं. पाणी मी ठेवलं होतं.

दुपारपर्यंत गावभर झालं. झाडीवालीनं एक महिना घालवला. चहाच्या हॉटेलात त्यावर चर्चा झाली असं यांनी येऊन सांगितलं. कोणता महिना गेला, यावर दोन मतं होती. एक म्हणाला, "भादवाच गेला असंल, शेवटचा हाय." दुसरा म्हणाला, "इचारा की तिलाच, वही हाय तिच्याकडं."

तिसऱ्या दिवशी मालक देवगाव फाट्यावरून आले. तिथं त्यांच्या मेहुण्यांनी विचारलं होतं, तुमच्या ड्रायव्हरच्या बायकोनं पाऊस घालवला म्हणं. मालक यांना म्हणाले, "मी काय मानतो असं न्हाई. पण लोक बोलायलेत. उद्या पाऊस वढला तर वरीसभर मला ऐकावं लागंल." एवढंच म्हणाले. रागानं नाही. राग असता तर बरं वाटलं असतं.

यांनी घरी येऊन टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, "आपण बाहेरची माणसं. दगड उचल. उद्या तेवढ्या तुकड्यावर रोटा फिरवतो. अंडीच नसली तर बोलणंही नाही."

"तीन आहेत अजून."

"तीन आहेत म्हणूनच बोलतात."

त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांबा. दुपारपर्यंत काय होणार ते मला माहीत नव्हतं.

मालकांच्या आईला सगळं गाव मोठीमाय म्हणतं. मी सकाळी तिच्याकडे गेले. ती स्लॅबवर कुरडया वाळत घालत होती. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

"मोठीमाय, माझ्या हातून चूक झाली."

"कोणती? लय व्हायल्यात म्हणं."

मी सगळं सांगितलं. चुना, दगड, भांडं, कुत्रं. तिनं कुरडई उलटली आणि म्हणाली, "कुंकू पयलं मीच टाकलं. शनिवारी पोखर्णीहून आले, देवाचं कुंकू हातात व्हतं. पांढरं दिसलं, म्हणलं पोरानं काई बसवलं असंल. इचारलं न्हाई."

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "एक अंडं गेलं तर खरंच एक महिना जातो का?"

एक ओळ उलटून झाल्यावर ती म्हणाली, "मला लेकरं किती?"

मला तीन माहीत होती. मालक आणि दोन बहिणी. मी तीन म्हटलं.

"पाच झाली. कुणी इचारलं तर मी पाच सांगते. घातलेली मोजायची असत्यात, पोरी. ऱ्हायलेली न्हाई." मग म्हणाली, "तुज्या नवऱ्याला सांग, आज रोटा लावू नको. ऊन उतरलं की येते."

ती आली तेव्हा रानात सात-आठ माणसं होती. कोणीतरी आधीच सांगितलं असावं. मोठीमाय काठी टेकत आली आणि अंड्यांपासून वीसेक पावलांवर थांबली. तिथंच उकिडवी बसली. अंडं उन्हाकडे धरणारे ते गृहस्थ म्हणाले, "मोठीमाय, म्होरं ये की. तिथून काय दिसतंय?"

"मला दिसतंय हितूनच."

तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ते मला माहीत होतं. तिथं उभ्या सगळ्यांनाच माहीत होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "चार घातली. चार महिने. जागा उंचावर हाय. टोकं खाली हायत. झालं वाचून. आता दुसऱ्यानं हात लावून वाचलं की उलटं व्हतंय."

"असं कधी ऐकलं न्हाई, मोठीमाय."

"तुज्या वयाची व्हते तवा मी बी ऐकलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. ते गृहस्थ मान हलवून वळले आणि बाकीचे त्यांच्यामागं गेले. जाताना एकानं दुसऱ्याला सांगितलं, "चार हाय," आणि दुसरा म्हणाला, "बरं हाय मंग." मोठीमाय उठताना माझ्या हाताचा आधार घेत म्हणाली, "ते दगड उचल आता. आन भांडं तुज्या दारात ठेव. कुत्र्याला पानी लागतंच की."

मी दगड एकेक करून उचलले. कुंकू धुऊन ते गोठ्यापाशी ठेवले. यांनी तीस पावलं मोजून बांधाकडच्या बाजूला तुरीची एक काडी रोवली, ट्रॅक्टरवरून यांना एकट्यालाच समजेल अशी. मी बांधावर पोचायच्या आत टिटवी अंड्यांवर जाऊन बसली होती.

गुरुजी काळा चष्मा लावून परत आले. मी वही पुढं केली. त्यात मी सगळं लिहिलं होतं, कुत्र्याचे ठसेसुद्धा. लिहिताना वाटलं होतं, हे वाचून ते वही परत घेतील. त्यांनी पान वाचलं, परत वाचलं.

"भांडं कुणाचं, ते न्हाई लिहिलं."

मी पेन घेऊन लिहिलं, भांडं माझं.

"बरं," ते म्हणाले. "आता माझं लिही. जवळ जाऊ नको हे आधी सांगायला पायजे व्हतं. नंतर सांगितलं."

मी तेही लिहिलं.

मोठीमायशी त्यांची गाठ बांधावरच पडली. दोघं एकाच वयाचे. मालकांना दुसरीपर्यंत गुरुजींनीच शिकवलं होतं. ती म्हणाली, "गुरुजी, दुसऱ्यानं वाचलं की उलटं व्हतंय, हे हाय का तुमच्या पुस्तकात?"

"न्हाई."

"घालून घ्या मंग."

गुरुजींनी वहीकडे बघितलं. ते पावसाचं काही मानत नव्हते आणि गावात ते सर्वांना ठाऊक होतं. मग ते मला म्हणाले, "वाटलं त्या बाजूला लिही." मी लिहिलं.

पुढचे दिवस मी वहीत रोज एक रेघ ओढली. अंडी कधी घातली ते नेमकं कळलेलं नव्हतं, त्यामुळे किती रेघा झाल्यावर काय होणार हेही नेमकं नव्हतं. सकाळी बांधावरून बघायचं, बसली आहे म्हटलं की रेघ ओढायची आणि कामाला लागायचं. मधल्या काळात कोणी तिकडे फिरकलं नाही. वाचून झालेल्या गोष्टीत लोकांना रस नसतो.

एका सकाळी ती जागेवर नव्हती. मी गुरुजींना हाक मारली. त्यांना आता माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. त्यांनी दुर्बीण हातात घेतली तेव्हा मला वाटून गेलं की आता आपलं इथं काम संपलं. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून दुर्बीण माझ्याकडे दिली. "तू बघ. तुला ती जागा माहीत हाय."

टिटवी एका ढेकळापाशी बसली, उठली, दहा पावलांवर जाऊन दुसरीकडे बसली. तिथूनही उठली. गुरुजी म्हणाले, ती असं खोटं खोटं बसते, बघणाऱ्याला चकवायला. म्हणजे लपवायला काहीतरी आहे, किंवा सगळं गेलं आहे आणि तिला अजून उमगलेलं नाही. नेमकं कळायचं तर चालत जाऊन खळगा बघायचा. तीसेक पावलं होती.

मी गेले नाही. गुरुजींनीही जा म्हटलं नाही. ऊन चढेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसून राहिलो. मग कालव्याकडून दुसरी टिटवी आली. तिचं पोट ओलं होतं, दुर्बिणीतून पिसं चिकटलेली दिसत होती. ती खळग्याकडे गेलीच नाही. बांधाच्या अलीकडे पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्याच्या सावलीत गेली आणि पंख जरा सैल सोडून बसली. तिच्या पोटाखालून मातीच्या रंगाचं काहीतरी बाहेर आलं आणि परत आत गेलं. मग दुसऱ्या बाजूनं आणखी एक.

मी डाव्या बाजूला लिहिलं, पिल्लं दोन. उजव्या बाजूला लिहिलं, तिसरं असावं.

संध्याकाळी यांनी त्या ढिगाला हात लावला नाही. पऱ्हाट्या न्यायला आलेल्या माणसाला आठ दिवसांनी या म्हणाले. मालकांनी का विचारलं तेव्हा यांनी टिटवीचं सांगितलं, आणि मालक बरं म्हणाले.

मोठीमायला सांगायला मी दुसऱ्या दिवशी गेले. ती डाळ निवडत होती.

"किती निघाली?"

"दोन दिसली. तिसरं असावं."

"आन घातली किती?"

"चार."

"मंग इचारलं कुणी तर चार सांग."

गावात तीन-चार जणांनी विचारलं. अंडं उन्हाकडे धरणाऱ्या त्या गृहस्थांनीही विचारलं, दुकानासमोर थांबवून, "काय झाडीवाले बाई, किती झाली?" मी म्हटलं, चार. ते म्हणाले, "आमच्या मोठीमायनं सांगितलंच व्हतं." वहीत मात्र मी दोनच ठेवली. पान अजून तसंच आहे.